माणसाआधी आकडा तपासावा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'एका मोठ्या संख्येची गोष्ट' या विषयावर केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



कार्यक्रम समितीने मला 'बँकेतील माझे अनुभव' हा विषय दिला होता. मी सचिवांना म्हटले, निवृत्त माणसाचे अनुभव घरचेच लोक ऐकत नाहीत, शेजाऱ्यांना कशाला शिक्षा? त्यापेक्षा मी एका संख्येविषयी बोलतो. ते म्हणाले, "एका संख्येवर अर्धा तास काय बोलता बाप्पा?" मी म्हटले, माणसावर दोन-दोन तास बोलतो आपण, संख्येवर अर्धा तास बोलून पाहू. संख्या निदान रागावत तरी नाही.

तर ती संख्या मी इथे फळ्यावर लिहितो. मागच्या मंडळींना दिसेल अशी मोठी लिहितो.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत चढायचे आणि नऊपासून एकापर्यंत उतरायचे. एकूण सतरा अंक. 'चिमा काय कामाची' हे वाक्य जसे उलटे वाचले तरी तेच राहते, तशी ही संख्या उजवीकडून वाचली तरी तीच. आता ती वाचायची कशी? पहिलीपासून कॉलेजपर्यंत कुणालाही विचारा, कोटीच्या पुढे गाडी अडते. बँकेत आम्ही कोटीतच वाचत होतो. त्या पद्धतीने ही संख्या होते एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. म्हणजे कोटी शब्द दोनदा घ्यावा लागतो.

आपल्या जुन्या लोकांना मात्र अशी अडचण नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, प्रत्येक घराला स्वतंत्र नाव आहे. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजून पाहा, ही अठरा घरे आहेत. आपली संख्या सतराव्या घरात, 'मध्य' या घरात बसते. परार्धाला एक घर कमी. आणि हे भास्कराचार्य आपल्याला काही फार दूरचे नाहीत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसलो की भुसावळ, जळगाव, मग चाळीसगाव. आपण तिथून शंभर वेळा गेलो असू, झोपेत.

आता ही संख्या मी काही मनाला आले म्हणून लिहिली नाही. ती जन्माला कशी येते ते पाहा. नऊ वेळा एक लिहा, १११११११११. या संख्येला त्याच संख्येने गुणा. उत्तर येते आपली ही सतरा अंकी संख्या.

बालगोपाळांनो, कॅल्क्युलेटर नको. तो बहुतेक इतके अंक दाखवणारच नाही. आधी लहान करून पाहू. ११ गुणिले ११ किती? १२१. १११ गुणिले १११? १२३२१. ११११ गुणिले ११११? १२३४३२१. आले ना लक्षात? हे का होते, ते चौथीच्या गुणाकाराने कळते. एकाने गुणले की तीच ओळ खाली येते, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकून. अशा नऊ ओळी एकीखाली एक सरकत गेल्या की उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक येतो, पुढच्यात दोन, त्याच्या पुढच्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ, आणि पुन्हा उतार. बेरीज केली की संख्या तयार.

इथे बसलेल्या भगिनींना हे समजावून सांगण्याची गरजच नाही. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण काय करता? पहिल्या ओळीत एक ठिपका, मग दोन, मग तीन, असे नऊपर्यंत, आणि परत एकापर्यंत. ती रांगोळी म्हणजेच ही संख्या. आणि त्या रांगोळीला ठिपके किती लागतात? ज्यांनी मोजले असतील त्या सांगतील, एक्क्याऐंशी. कारण तो चौकोनच आहे, कोपऱ्यावर उभा केलेला. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ, नवे नवे एक्क्याऐंशी. म्हणजे आपल्या संख्येतील अंकांची बेरीजही ८१.

मग कुणी म्हणेल, नऊवरच का थांबायचे? दहा वेळा एक लिहू. लिहा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सगळी रांगोळी विस्कटली. मधल्या रकान्यात दहा एक जमले, तिथे शून्य लिहून हातचा एक पुढे गेला. त्याने शेजारच्या नवाचे दहा केले, तिथूनही हातचा पुढे सरकला, आणि आठ हा अंक चढणीतून गायबच झाला. आपल्या सोसायटीत एखादे कुटुंब हक्काच्या जागेपेक्षा जरा जास्त सामान जिन्यात ठेवते, मग त्याचा परिणाम वरच्या दोन मजल्यांवर कसा होतो, तसेच हे आहे. (कुणीही वर पाहू नये, हे फक्त उदाहरण आहे.)

अशा संख्यांचा नाद ज्यांना लागला ते आपल्या महाराष्ट्रातीलच एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. आपल्या या संख्येच्या घराण्याला त्यांनी नाव दिले 'डेमलो संख्या'. हे कुणा परदेशी पंडिताचे नाव नाही हो. मुंबईपासून तीस मैलांवर त्या वेळच्या जीआयपी रेल्वेचे डेमलो नावाचे स्टेशन होते, म्हणजे आजची डोंबिवली, असे सांगतात. तिथे त्यांना या संख्या सुचल्या, म्हणून स्टेशनचे नाव संख्येला. आपल्याकडे मूर्तिजापूरच्या फलाटावर शकुंतलेची वाट पाहत लोकांनी आयुष्याचे किती तास घालवले. त्यात कुणाला संख्या सुचली असती तर आज जगात 'मूर्तिजापूर संख्या' असती.

कापरेकरांनी आणखी एका प्रकाराला नाव दिले, 'हर्षद संख्या'. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. उदाहरणार्थ १८. एक आणि आठ नऊ, नवाने अठराला भाग जातो. आता आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने भागा. बाकी शून्य. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग आहे. या १२३४५६७९ मध्ये आठ नाही, हे पाहून घ्या. या आठ गाळलेल्या संख्येला नवाने गुणले की नऊ वेळा एक. मुलांनो, घरी जाऊन ६३ ने गुणा आणि काय येते ते आजीला दाखवा.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या संख्येमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, वजा करा. येईल त्याचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच राहता. आपल्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष घेऊ, २०२५. ५२२० वजा ०२२५, ४९९५. ९९५४ वजा ४५९९, ५३५५. ५५५३ वजा ३५५५, १९९८. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. सहा वजाबाक्या.

आणि २०२५ चे तर कापरेकरांशी आणखी जवळचे नाते. २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. ४५ सारख्या अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. शिवाय आपल्या फळ्यावरची चढण पाहा, एक ते नऊ, त्यांची बेरीज ४५. आपली सोसायटी सन २००० मध्ये नोंदली गेली आणि २०२५ मध्ये पंचवीस वर्षांची झाली, हे मुद्दाम कुणी ठरवले नव्हते. पण मुहूर्त चांगला निघाला, असे गणिताच्या बाजूने मी सांगू शकतो.

या मास्तरांची आपल्याकडे बरीच वर्षे थट्टा झाली. आकड्यांशी खेळणारा माणूस, याचा उपयोग काय, असे लोक म्हणत. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जग त्यांच्याकडे पाहू लागले. मी स्वतः विदर्भ महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी. केले. तेव्हा अमरावतीला विद्यापीठही नव्हते, पदवी नागपूरची मिळायची. गणित शिकून पुढे बँकेत लागलो. 'याचा उपयोग काय' हा प्रश्न मलाही पडलेला होता. त्याचे उत्तर मला कॉलेजात मिळाले नाही, ते अकोल्याला मिळाले. आता त्या विषयाकडे वळतो, कारण आज मला खरे बोलायचे आहे ते त्याबद्दल.

नऊ या अंकाचा एक स्वभाव आहे. कोणत्याही संख्येतील अंकांची जागा कितीही बदला, तिला नवाने भागल्यावर बाकी तीच राहते. कारण दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक. नऊ, नव्व्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव हे सगळे नवाच्या पोटात जातात आणि उरतात ते फक्त अंक. अंक कोणत्या घरात बसला आहे याच्याशी नवाला देणेघेणे नाही. म्हणून एखादी संख्या आणि तिचेच अंक उलटसुलट करून झालेली संख्या यांची वजाबाकी केली, की नवाने भाग जाणारच. ६१७४ च्या अंकांची बेरीजही १८ येते ती त्यामुळेच.

आता अकोल्याची गोष्ट. १९८० च्या आसपासची. शाखेचे नाव सांगत नाही, कुणा माणसाचेही सांगणार नाही. त्या वेळी संगणक नव्हते. बचत खात्यांची लेजरे हाताने लिहायची, आणि सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत होतो. कापसाचा हंगाम होता. एकाधिकार कापूस खरेदीचे चुकारे शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा होत होते, काउंटरवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या महिन्याचे बॅलन्सिंग जुळेना. लेजरांची बेरीज जनरल लेजरपेक्षा ५,४०० रुपयांनी जास्त. त्या काळी ही रक्कम एका कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची.

फरक लेजरमध्ये जास्त निघाला, ही वाईट गोष्ट. कारण लबाडीची एक जुनी रीत अशी आहे, की ओळखीच्या खात्याची शिल्लक कागदावर फुगवायची आणि सवडीने काढून घ्यायची. त्या लेजरवर एक पोरगा काम करत होता. अकोट तालुक्यातला, घरची दोन एकर कोरडवाहू, वडील वारलेले, बहिणीचे लग्न जमलेले. नोकरी अजून कायम झाली नव्हती. लग्न जमले आणि पैसे कमी पडले असतील, अशी कुजबुज दुपारपर्यंत सुरू झाली. चहाच्या वेळी त्याच्या टेबलापाशी कुणी थांबेना. तो मान खाली घालून पानामागून पान तपासत होता, आणि जितके तपासत होता तितका लोकांना जास्त संशय येत होता. शिपाई एवढाच म्हणाला, "सायेब, पोरगं तसं नाही." पण शिपायाच्या शब्दावर बॅलन्सिंग जुळत नाही.

आमचे हेड अकौंटंट चिखलीकडचे एक वयस्क गृहस्थ होते, मॅट्रिक झालेले. त्यांनी कुणालाही काही विचारले नाही. कागदावर ५,४०० लिहिले. आधी त्या दिवसांत ५,४०० ची एखादी नोंद राहिली किंवा दुबार झाली का ते पाहायला सांगितले. नव्हती. मग निम्मे केले, २,७००. नावे टाकायची रक्कम जमेला पडली की फरक दुप्पट येतो, म्हणून निम्म्याचा शोध. तीही नव्हती. मग त्यांनी नवाने भागले. ५,४०० भागिले नऊ, ६००. म्हणाले, "बाकी उरली नाही. अंक उलटले असावेत. भागाकारात सहा शतकाच्या घरात आहे. म्हणजे हजाराचा आणि शतकाचा अंक एकमेकांच्या जागी गेलेत, आणि त्या दोन अंकांत सहाचा फरक आहे. अशा नोंदी काढा."

आता बघा, कुठे हजारो नोंदी आणि कुठे हे. हजाराच्या आणि शतकाच्या घरात सात-एक, आठ-दोन, नऊ-तीन किंवा सहा-शून्य अशी जोडी असलेल्या तेवढ्याच नोंदी पाहायच्या होत्या. चौघांनी लेजरे वाटून घेतली. रात्री साडेनऊच्या सुमारास सापडली. व्हाउचर होते १,७४२ रुपयांचे. लेजरमध्ये जमा झाले होते ७,१४२. तो पोरगा गर्दीत एक-सात चे सात-एक करून बसला होता. खाते बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्याचे, त्याने एक पैसाही उचलला नव्हता. लाल शाईने दुरुस्ती झाली, सही झाली. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हेड अकौंटंटनी त्याला फक्त एवढे सांगितले, की उद्या वेळेवर ये. पुढे तो पोरगा कायम झाला, बहिणीचे लग्नही झाले, आणि तो अधिकारी होऊन निवृत्त झाला.

मंडळी, यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर माझ्या भाषणाने नुकसान होईल. फरकाला नवाने भाग गेला म्हणजे चूक प्रामाणिक आहे, असे सिद्ध होत नाही. सहज घेतलेल्या नऊ आकड्यांतल्या सरासरी एकाला नवाने भाग जातो. चोरही ५,४०० रुपये चोरू शकतो. नऊ फक्त बोट दाखवतो की आधी इकडे पाहा. साक्ष देते ते व्हाउचर. त्या रात्री व्हाउचर सापडले नसते तर नवाच्या भागाकारावर त्या पोराला कुणी सोडले नसते, आणि सोडायलाही नको होते. पण नऊ नसता, तर व्हाउचर शोधण्याआधीच लोकांनी निकाल दिला होता.

दुसरी गोष्ट. नवाचा जो गुण तोच त्याचा दोष. लहानपणी गुणाकाराचा ताळा आपण नवाने करत होतो, आठवते? आपल्या मोठ्या संख्येचा ताळा करू. अंकांची बेरीज ८१, नवाने बाकी शून्य. बरोबर. आता मी तिच्यात पाच आणि सहा यांची अदलाबदल करतो.

१२३४६५७८९८७६५४३२१

पुन्हा बेरीज. ८१. बाकी शून्य. नऊ म्हणतो, सगळे ठीक! कारण अंक कुठे बसला हे तो पाहतच नाही. म्हणजे अंक उलटल्याची खूण फरकात सापडली तर नऊ ओळखतो, पण नुसत्या संख्येकडे पाहून अंक उलटलेत का, हे त्याला कधीच कळत नाही.

मग कुणाला कळते? अकराला. दहा म्हणजे अकराला एक कमी, शंभर म्हणजे नव्व्याण्णवला एक जास्त, हजार म्हणजे एक हजार एकला एक कमी. ११, ९९, १००१ या सगळ्यांना अकराने भाग जातो. म्हणून अकराचा ताळा करताना उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुढचा मिळवायचा, असे जायचे. शेजारचे दोन अंक वेगळे असतील आणि जागा बदलतील, तर अकराला ते लपत नाही. नऊ एकांच्या संख्येचा असा ताळा येतो १, एकाचा वर्गही १. आता फळ्यावरची मूळ संख्या, एक वजा दोन अधिक तीन वजा चार, असे शेवटपर्यंत केले की उत्तर १. जुळले. आणि पाच-सहा उलटलेली संख्या? तिचे उत्तर येते ३. नापास! नवाला जे दिसले नाही ते अकराला दिसले. एकाच हिशेबाला दोन स्वभावाचे तपासनीस हवेत ते यासाठी.

हे आता फक्त लेजरापुरते राहिलेले नाही. तुमच्या खिशातल्या एटीएम कार्डावरील नंबराचा शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून ठरवलेला ताळ्याचा अंक असतो. आधारचा बारावा अंकही तसाच, आणि ती पद्धत शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल दर वेळी पकडते. जुन्या पुस्तकांच्या मागे जो दहा अंकी आयएसबीएन असतो, त्याचा ताळा तर आपल्या अकराचाच. म्हणून आधारचा नंबर टाकताना दोन अंक उलटले की यंत्र लगेच अडवते. पण रुपयांची रक्कम टाकताना कोणतेही यंत्र अडवणार नाही. १,७४२ च्या जागी ७,१४२ टाकले, तर ते मुकाट्याने ७,१४२ पाठवील. आणि एनईएफटीने पैसे पाठवताना रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर, तुम्ही लिहिलेल्या नावावर नव्हे. एप्रिल २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आली आहे. माझ्या वयाच्या मंडळींना हात जोडून विनंती, ती सोय वापरा. नाव पाहिल्याशिवाय बटण दाबू नका. नातवाने घाई केली तरी.

आता आपल्या घरचे. नाव न घेता बोलतो. काही वर्षांपूर्वी आपल्या देखभाल निधीच्या तक्त्यात ९०० रुपयांचा फरक आला होता. सर्वसाधारण सभेत आवाज चढले. त्या वेळच्या खजिनदारांना, जे रोज संध्याकाळी स्वतःच्या वेळेतून आपल्या पावत्या फाडत होते, काय काय ऐकावे लागले ते इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. पुढे हिशेबतपासनीसांनी पावतीपुस्तक तपासले. एका सभासदाची पावती ३,२०० ची, तक्त्यात २,३०० लिहिले गेलेले. नऊ गुणिले शंभर, नऊशे. पाच मिनिटांचे काम. पण त्या पाच मिनिटांच्या आधी दोन घरांमधले दिवाळीच्या फराळाचे ताट थांबले, ते पुढच्या वर्षीही गेले नाही. ९०० रुपये जुळले. ते ताट जुळायला किती वेळ लागला, ते तुम्हालाच माहीत.

पंचवीस वर्षांत आपण बोअर खोदली, टाकी बांधली, गच्चीची गळती दोनदा काढली, मुलींची लग्ने या अंगणात लावली. पुढच्या पंचवीस वर्षांत हिशेब आणखी मोठे होतील. इमारत जुनी होईल तशी दुरुस्तीची रक्कम वाढेल. फरकही निघतील, कारण माणसे लिहितात. माझे मागणे एवढेच, की फरक निघाला तर आधी तो कागदावर लिहा. तेवढीच नोंद आहे का पाहा. मग निम्म्याची पाहा. मग नवाने भागा. मग पावती काढा. आणि एवढे सगळे करूनही फरक उरला, तर मात्र कुणाची भीड न ठेवता विचारा. तोही आपला हक्क आहे, आणि ज्याच्या हाती पैसे आहेत त्याने उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे. फक्त हा क्रम उलटा करू नका. अंक उलटले तर लाल शाईने दुरुस्त होतात. माणसाबद्दल बोललेले शब्द दुरुस्त करायची शाई अजून निघालेली नाही.

बालगोपाळांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. ही सतरा अंकी संख्या घरी लिहून घ्या. तिचे दोन तुकडे करा, डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ९८७६५४३२१. एकाखाली एक मांडून बेरीज करा. काय येते आणि का येते, ते मला 'ए' विंगच्या पायऱ्यांवर संध्याकाळी येऊन सांगा. नुसते काय येते ते सांगणाऱ्याला एक गोळी, का येते ते सांगणाऱ्याला दोन. गोळ्या संत्र्याच्या आहेत, वरुडच्या संत्र्यांच्या नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका.